फ्लॅटमधले अवजड सामान बाहेर काढताना

विचारणा थोडक्यात अशी आहे: नवव्या मजल्यावरचा फ्लॅट महिन्याभरात रिकामा करायचा आहे. तीन आसनी सोफा, हायड्रॉलिक बेड, त्यावरची स्प्रिंगची गादी, जुना फ्रिज, वॉशिंग मशीन आणि छताला भिडणारे कपाट नव्या घरी न्यायचे नाही. स्वतःची गाडी नाही. शिवाय पॅसेजमध्ये, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये सामान ठेवल्यास दंड होईल, अशी सूचना व्यवस्थापनाने आधीच लावून ठेवली आहे. अशा परिस्थितीत हे सामान द्यावे कोणाला?

निवासी इमारतींची देखभाल आणि रिकाम्या होणाऱ्या घरांतील सामानाची विल्हेवाट हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्या अनुभवावरून मी प्रत्येकाला सांगतो की ‘कोणाला’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळेत’ हा प्रश्न सोडवावा. बैठ्या घराला अंगण असते, निदान फाटकाच्या आत थोडी मोकळी जागा असते. त्यामुळे वस्तू घराबाहेर काढणे आणि ती दुसऱ्याच्या ताब्यात जाणे यांमध्ये चार दिवस गेले तरी कोणाचे काही अडत नाही. फ्लॅटला अशी मधली जागाच नसते. उंबरठ्याच्या बाहेर पाऊल टाकले की सगळी जागा सामाईक असते, आणि इमारतीच्या फाटकाबाहेर सार्वजनिक रस्ता असतो. म्हणजे सोफा तुमच्या दारातून निघाल्यापासून तो गाडीत चढेपर्यंत मध्ये कुठेही विसावू शकत नाही. घेणारा, हमाल, गाडी आणि लिफ्ट ही चारही एकाच वेळी जुळून यावी लागतात. फ्लॅटमधल्या बहुतेक खोळंब्यांचे मूळ या जुळणीत असते. घेणारा न मिळाल्यामुळे अडलेली कामे तुलनेने कमी असतात.

व्यवस्थापनाची सूचना अनेकांना जाचक वाटते, पण तिच्यामागे ठोस कारण आहे. जिना हा आगीच्या वेळी खाली उतरण्याचा एकमेव भरवशाचा मार्ग असतो. सोफा आणि गादी यांत भरलेला पॉलियुरेथेन फोम एकदा पेटला की फार वेगाने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. ‘दोनच दिवसांसाठी’ म्हणून जिन्याच्या वळणावर टेकवून ठेवलेली गादी ही वरच्या सगळ्या मजल्यांच्या वाटेत ठेवलेले जळण असते. कचरा टाकण्याचा उभा नळ असलेल्या इमारतींत काही जण खुर्चीचे पाय, उशा, गुंडाळलेले गालिचे त्यात सारून मोकळे होतात. ते अर्ध्या वाटेत अडकते, त्यावर वरच्या सगळ्या मजल्यांचा कचरा साचत जातो आणि तो काढण्यासाठी माणूस बोलावण्याचा खर्च सगळ्यांच्या माथी पडतो. लिथियम बॅटरी असलेली वस्तू तर त्या नळात कधीही टाकू नये, कारण आदळून चेपलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्वप्रथम व्यवस्थापनाकडे चार गोष्टी लेखी विचाराव्यात: सामानासाठी वेगळी लिफ्ट आहे का, ती कोणत्या वारी व कोणत्या वेळेत मिळते, त्यासाठी अनामत रक्कम लागते का, आणि माल उचलणारी गाडी आवारात कुठे व किती वेळ थांबू शकते. यांतला शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि आयत्या वेळी तिथेच घोडे अडते. तळघरातल्या पार्किंगचे छत बुटके असते, मालवाहू टेम्पो आत शिरत नाही, रस्त्यावर तो थांबू देत नाहीत, आणि हमाल लिफ्टजवळ कपाट धरून उभे राहतात. लिफ्टची तारीख हातात आल्यावरच बाकीच्यांना वेळ द्यावी. घर सोडण्याच्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधीची तारीख घ्यावी, म्हणजे एखादा घेणारा आलाच नाही तरी दुसरी संधी उरते.

तारीख ठरली की टेप घेऊन मापे घ्यावीत, आणि सुरुवात सामानापासून न करता लिफ्टपासून करावी. अनेक निवासी इमारतींत ६३० किलो क्षमतेची, म्हणजे आठ माणसांची लिफ्ट असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिची केबिन १.१ मीटर रुंद, १.४ मीटर खोल आणि २.२ मीटर उंच असते; दाराची मोकळी रुंदी ०.८ ते ०.९ मीटर आणि उंची २ ते २.१ मीटर असते. तुमची लिफ्ट लहान किंवा मोठी असू शकेल, म्हणून स्वतः मोजावे, आणि मोजताना आतला हात धरण्याचा दांडा, आरसा आणि छतावर खाली आलेला पंखा वगळून उरलेली जागा मोजावी. समजा सोफा २.१ मीटर लांब आणि ०.८५ मीटर खोल आहे. आडवा तो मावणारच नाही, हे उघड आहे. उभा केला की २.२ मीटरच्या केबिनमध्ये बसेल असे वाटते, आणि इथेच फसगत होते. सोफा दाराच्या चौकटीखालून तिरका आत घ्यावा लागतो आणि मग आत उभा करावा लागतो. उभा करताना त्याची लांबी आड येत नाही, त्याचा कर्ण आड येतो. २.१ आणि ०.८५ मीटरचा कर्ण सुमारे २.२७ मीटर भरतो, म्हणजे छतापेक्षा सात सेंटीमीटर जास्त. सोफा दुसऱ्या अंगाने वळवून आणि खालचे पाय काढून जाडी ०.७ मीटरवर आणली तरी कर्ण २.२१ मीटर राहतो आणि एका सेंटीमीटरासाठी वरचे टोक छताला घासते. हमालांनी जोर लावला की तिथेच दिवा फुटतो किंवा पत्रा चेपतो, आणि मग अनामत रक्कम विसरावी लागते.

यावर उपाय म्हणजे सोफ्याचे हात सोडवणे. सोफा पालथा करावा. तळाला काळे पातळ कापड स्टेपलच्या पिनांनी ठोकलेले असते; ते एका बाजूने उचकटले की आतला लाकडी सांगाडा दिसतो. बहुतेक आधुनिक सोफ्यांत हात आणि पाठ या सांगाड्याला बोल्टने जोडलेल्या असतात आणि साध्या पान्याने सुटतात. हात निघाले की लांबी तीसचाळीस सेंटीमीटरने घटते आणि लिफ्टचा प्रश्न मिटतो. रिक्लायनर असेल तर पाठ आणि बैठक यांच्यामध्ये मागच्या कापडाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी खटके असतात. ते वर उचलले की पाठ सरळ वर सरकून वेगळी होते, आणि विजेवर चालणारा असेल तर त्याआधी आतली वायर सोडवावी लागते. जुन्या, सुताराने घडवलेल्या सोफ्याचे सांधे मात्र डिंकाने आणि खुंट्यांनी बसवलेले असतात. तो सुटत नाही. असा सोफा एक तर जिन्याने उतरवावा लागतो किंवा घरातच करवतीने कापावा लागतो.

गादीचा हिशेबही तसाच आहे. दीड मीटर रुंदीची गादी वर सांगितलेल्या केबिनमध्ये उभी, तिरकी जेमतेम बसते. १.८ मीटरची बसत नाही, कारण केबिनच्या तळाचा कर्णच १.७८ मीटर असतो आणि गादीची जाडी त्यातली आणखी जागा खाते. फोमची गादी गुंडाळून पट्ट्याने आवळता येते. स्प्रिंगची गादी दुमडली की तिची कडेची तार कायमची वाकते, त्यामुळे ती कोणाला वापरायला द्यायची असेल तर जिना हाच मार्ग उरतो; टाकूनच द्यायची असेल तर खुशाल दुमडून दोरीने बांधावी.

कोणाला द्यावे, हे ठरवताना वस्तूचा आकार पाहू नये. ती कशापासून बनली आहे आणि तिच्या आत काय आहे, ते पाहावे. निव्वळ लोखंडाच्या वस्तूला, म्हणजे कपाट, पलंग, व्यायामाची वजने यांना, कोणत्याही अवस्थेत गिऱ्हाईक असते, कारण गंजलेले लोखंडही वितळवता येते. भरीव लाकडालाही मागणी असते. प्लायवूड मधल्या वर्गात येते. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाच्या फर्निचरला मात्र दुसरा जन्म क्वचित मिळतो: एकदा सोडवले की स्क्रूची भोके सैल होतात, पाणी लागलेला कोपरा फुगतो आणि तो पुन्हा कधी बसत नाही. शिवाय त्यातल्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असते आणि पृष्ठभागावर प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे ते सरपण म्हणून कोणाला देऊ नये.

विक्री हा मार्ग आकर्षक असला तरी त्याला मुदत घालावी. लोक महिनाभर भाव करत बसतात आणि शेवटच्या आठवड्यात फुकट द्यायलाही माणूस मिळत नाही. माझा सल्ला असा की पहिले दहाबारा दिवस विक्रीचा प्रयत्न करावा, त्यानंतर वस्तू विनामूल्य जाहीर करावी, आणि लिफ्टच्या तारखेला जे उरेल ते पैसे देऊन उचलायला लावावे. जाहिरातीत वस्तूच्या फोटोंबरोबर मापे, मजला, लिफ्टच्या दाराची रुंदी, वस्तू सुटी करून मिळेल की नाही, आणि नेण्याचा ठरलेला दिवस व वेळ एवढे लिहिले की निम्मे अनावश्यक फोन आपोआप टळतात. ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्यासाठी दुसऱ्याला नकार देऊ नये. दोन नावे राखीव ठेवावीत.

दान देतानाही थोडा वास्तववाद हवा. सामान स्वीकारणाऱ्या संस्थांना ते पुढे कोणाच्या तरी घरात पोचवायचे असते, म्हणून त्या फाटकी गादी, डाग पडलेला सोफा, बंद पडलेले यंत्र घेत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. वापरलेल्या गादीला तर अनेक ठिकाणी सरसकट नकार मिळतो. संस्थेला आधी फोटो पाठवावेत, आणि त्यांचे लोक वर येऊन उचलतात की फक्त तळमजल्यावरून घेतात, हे विचारून ठेवावे. हाच प्रश्न पालिकेच्या अवजड कचरा उचलण्याच्या सेवेलाही विचारावा लागतो. जिथे ही सेवा आहे तिथे ती बहुधा आधी नोंदणी करून मिळते आणि वस्तू रस्त्यालगत ठरवून दिलेल्या जागी ठेवावी लागते. नवव्या मजल्यावरून ती तिथवर आणणे हे तुमचे काम असते. काही मोठ्या संकुलांचा कचरा खासगी ठेकेदार उचलतो आणि मग पालिकेची ही सेवा त्या पत्त्याला लागूच होत नाही, त्यामुळे नोंदणीआधी व्यवस्थापनाकडे खात्री करून घ्यावी.

नवी वस्तू घेणार असाल तर सगळ्यांत सोपा मार्ग विक्रेत्याकडूनच निघतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि आताशा गादीसुद्धा, नवी पोचवताना जुनी घेऊन जाण्याची सोय बरेच विक्रेते देतात. मात्र ते मागणी नोंदवतानाच ठरले पाहिजे आणि बिलावर तसे लिहून आले पाहिजे, कारण सामान पोचवणारी माणसे त्यांच्या कागदावर नसलेली वस्तू हात लावायलाही तयार नसतात. तुमच्या बाबतीत नवी वस्तू नव्या घरी आणि जुनी वस्तू जुन्या घरी अशी स्थिती असेल. तेव्हा दोन पत्त्यांवर जाणार का, हे आधीच विचारावे.

पैसे घेऊन सामान हटवणारे खासगी लोक बहुतेक वेळा गाडीत किती जागा व्यापली जाते त्यावर दर ठरवतात. म्हणून वस्तू जितकी सुटी आणि सपाट, तितका खर्च कमी. त्यांना मजला, लिफ्ट, गाडीपासूनचे अंतर सांगून एकरकमी दर लेखी घ्यावा, नाही तर खाली उतरल्यावर जिन्याचे पैसे वेगळे मागितले जातात. माल पुढे कुठे जातो, हेही विचारावे. उत्तर देताना जो आढेवेढे घेतो आणि ज्याचा दर इतरांच्या निम्म्याने कमी असतो, त्याची गाडी कोठल्या तरी ओढ्याकाठी रिकामी होण्याची शक्यता बरीच असते. आणि त्या ढिगात तुमच्या नावाचे एखादे बिल सापडले तर विचारणा तुमच्याकडे होते. कपाटाचे खण, सोफ्याच्या फटी आणि बेडखालचा पेटारा देण्यापूर्वी रिकामे करून पाहावेत. जुन्या कपाटातल्या आतल्या छोट्या खणातून काय काय निघते, हा स्वतंत्र विषय आहे.

आता काही वस्तूंविषयी वेगळे सांगणे भाग आहे.

हायड्रॉलिक बेडमध्ये फळी वर उचलून धरणारे दोन दांडे असतात आणि त्यांत उच्च दाबाचा वायू भरलेला असतो. त्यांची ताकद गादीसकट फळीचे वजन पेलण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते. गादी काढली की हा तोल बिघडतो: खिटी सोडताच रिकामी फळी झटक्याने वर येते, हनुवटीला लागू शकते, आणि नंतर ती खाली दाबूनही बसत नाही. म्हणून गादी काढण्यापूर्वी शेजारी एक माणूस उभा करावा, फळी सावकाश पूर्ण उघडू द्यावी, एकाने ती घट्ट धरावी किंवा खाली भक्कम लाकूड टेकवावे, आणि दुसऱ्याने दांड्यांच्या टोकाची क्लिप सोडवून ते एकेक करून काढावेत. बेड उघडा असताना दांडे पूर्ण ताणलेले असतात आणि त्यांचा जोर सर्वांत कमी असतो. बंद किंवा अर्धवट उघड्या बेडवर ते सोडवायला जाऊ नये. काढलेले दांडे कापू नयेत, भोक पाडू नये, आगीजवळ ठेवू नयेत. भंगारात देतानाही ते वेगळे दाखवून द्यावेत.

गादीबाबत ढेकणांची तपासणी टाळू नये. शिलाईची कड, हँडलखालची पट्टी आणि बेडच्या फळ्यांचे सांधे विजेरीच्या उजेडात पाहावेत. काळपट ठिपके, टाकलेली साले आणि मिलीमीटरभर लांबीची पांढुरकी अंडी ही खूण असते. ढेकूण अन्नाविना कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे ‘खोली रिकामीच होती’ या युक्तिवादाला अर्थ नाही. शंका आली तर गादी कोणालाही वापरायला देऊ नये, आणि खोलीतच जाड प्लॅस्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून, चिकटपट्टीने सांधे बंद करून, वर मोठ्या अक्षरांत तसे लिहूनच बाहेर काढावी. उघडी गादी पॅसेजमधून ओढत नेली की ढेकूण वाटेतल्या घरांच्या दारांशी गळत जातात. गादी कापून पोत्यांत भरण्याचा विचार असेल तर साध्या फोमला दातेरी सुरी पुरते. मात्र काही मेमरी फोम गाद्यांच्या आवरणाखाली आग रोखण्यासाठी काचतंतूंचा थर असतो. ते आवरण फाडले की बारीक तंतू घरभर पसरतात, त्वचेला खाज सुटते आणि साफसफाईला दिवस लागतात. लेबलवर काचतंतूंचा किंवा ग्लास फायबरचा उल्लेख असेल, किंवा आवरण काढू नये असे लिहिले असेल, तर सुरी लावू नये.

फ्रिज हे सर्वांत जपून हाताळायचे सामान आहे, आणि नेमके तेच सर्वांत निष्काळजीपणे दिले जाते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन थराला घातक असलेले वायू टप्प्याटप्प्याने हद्दपार झाले, तरी फार जुन्या फ्रिजच्या नळ्यांत आणि त्याहून जास्त प्रमाणात त्याच्या भिंतींतल्या फोममध्ये ते अजून असू शकतात. त्यानंतर सर्रास वापरला गेलेला आर-१३४ए हा वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. अलीकडच्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पर्यावरणाला बराच सौम्य असला तरी ज्वलनशील असतो. तुमच्या फ्रिजमध्ये कोणता वायू आहे, ते मागच्या किंवा आतल्या पट्टीवर छापलेले असते. जो माणूस ‘फक्त कॉम्प्रेसर आणि तांबे काढून नेतो, सांगाडा राहू द्या’ असे म्हणतो, तो नळी तिथेच कापणार आणि वायू तुमच्या स्वयंपाकघरात सोडणार. आयसोब्युटेन असेल आणि जवळ ठिणगी पडली तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय कोणालाही नको असलेला फोमचा सांगाडा तुमच्या गळ्यात पडेल. फ्रिज सबंधच द्यावा, आणि वायू काढून घेण्याची साधने असलेल्या अधिकृत पुनर्वापर केंद्राला किंवा विक्रेत्याला द्यावा.

देण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद करून दार उघडे ठेवावे, बर्फ वितळू द्यावा आणि मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या वर असलेले पाण्याचे तबक रिकामे करावे. त्या तबकाची आठवण कोणाला राहत नाही, आणि लिफ्टमध्ये फ्रिज कलता झाला की त्यातले कुबट पाणी नेमके हमालाच्या पायावर येते. आतल्या काचा काढून वेगळ्या बांधाव्यात. फ्रिज थोडाही वेळ कुठे नुसता पडून राहणार असेल तर दार काढून टाकावे किंवा पट्ट्याने पक्के बंद करावे. बाहेरून खटक्याने बंद होणाऱ्या जुन्या फ्रिजमध्ये लपलेली मुले गुदमरून दगावत, म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये फ्रिजचे दार आतूनही उघडता यावे असा कायदा झाला आणि पुढे चुंबकी पट्टीची दारे रूढ झाली. तरीही टाकून दिलेला फ्रिज लहान मुलांच्या हाती लागणे धोक्याचेच आहे.

भिंतीवरचा एसी काढायचा असेल तर तंत्रज्ञाशिवाय पान्याला हात लावू नये. तो यंत्र चालू ठेवून आधी एक झडप बंद करतो, वायू बाहेरच्या युनिटमध्ये खेचून घेतो, मग दुसरी झडप बंद करतो आणि त्यानंतरच नळ्या सोडवतो. बाहेरचे युनिट उंचावर कंसावर टांगलेले असते. ते आधी दोराने बांधल्याशिवाय बोल्ट सोडू देऊ नये, आणि खालची जागा तेवढा वेळ मोकळी ठेवायला सुरक्षारक्षकांना सांगावे.

समोरून कपडे घालायचे वॉशिंग मशीन साठ ते ऐंशी किलोंचे असते, कारण कंपने आवरण्यासाठी त्यात काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. पाणी काढून टाकले असे समजू नये: खाली पुढच्या कोपऱ्यात गाळणीची टोपी असते, तिच्यामागे दोनतीन लिटर पाणी हमखास उरते. उथळ ताट आणि फडके घेऊन ती उघडावी. हे पाणी लिफ्टच्या उंबऱ्याच्या फटीतून खाली गेले की दाराची विद्युत यंत्रणा बिघडू शकते. मशीन कोणी वापरायला नेणार असेल आणि सुरुवातीला मिळालेले मागचे लांब बोल्ट जपून ठेवले असतील तर ते पुन्हा बसवावेत, म्हणजे प्रवासात ड्रम हेलकावत नाही.

छताला भिडणारे कपाट उभेच बाहेर निघेल अशी आशा ठेवू नये. ते बहुधा खोलीत जोडले गेलेले असते. आधी भिंतीत मारलेले स्क्रू शोधावेत. ते न काढता ओढले तर गिलावा घेऊन येते, आणि भाड्याचे घर असेल तर त्याचीही भरपाई द्यावी लागते. दारे, मग खण, मग पाठीची पातळ फळी आणि शेवटी बाजू, असा क्रम ठेवावा. आरसा असलेले दार सर्वांत आधी काढून, काचेवर चिकटपट्टीची फुली मारून, उभेच न्यावे. कोणी वापरायला घेणार असेल तर सगळे स्क्रू व बिजागऱ्या एका पिशवीत घालून ती पिशवी एखाद्या फळीलाच चिकटवावी, आणि जोडलेल्या अवस्थेतला फोटो द्यावा. ठोकाठोकीचे काम शांततेच्या वेळेत करू नये, हे वेगळे सांगायला नको.

काचेच्या पडद्याचा जुना, मागे फुगीर टीव्ही अजून अनेक घरांच्या माळ्यावर असतो. त्याचे बहुतेक वजन पडद्याकडे असते, म्हणून उचलताना पडदा छातीकडे ठेवावा. त्याच्या काचेत शिसे असते, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातच गेला पाहिजे. नवा स्मार्ट टीव्ही देताना त्यातली स्वतःची खाती काढून तो मूळ स्थितीला आणावा. पियानो असेल तर आतल्या ओतीव लोखंडी चौकटीमुळे उभा पियानोही दोनशे किलोंच्या पुढे सहज जातो. ते काम त्याच व्यवसायातल्या माणसांवर सोडावे.

प्रत्यक्ष दिवशी लिफ्ट सामान वाहण्याच्या स्थितीत ठेवण्याची किल्ली इमारतीच्या कर्मचाऱ्याकडून फिरवून घ्यावी. दार उघडे राहावे म्हणून फळी किंवा पाय अडकवण्याची सवय घातक आहे. दार वारंवार आपटून त्याची यंत्रणा रुळावरून सरकते आणि लिफ्ट दिवसभर बंद पडते. केबिनला जाड पांघरूण लावावे, पॅसेजमध्ये पुठ्ठे अंथरावेत, आणि काम सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर केबिनचे आणि पॅसेजचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे आधीच्या ओरखड्यांचे पैसे तुमच्याकडून मागितले जाणार नाहीत. क्रम असा लावावा: आधी सुट्या फळ्या आणि गादी, मग यंत्रे, शेवटी सोफा. सोफा शेवटी ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. तो अडकला तर बाकीचे काम तरी झालेले असते. आणि तो खरोखरच निघाला नाही तर करवत आणि तासाभराचा वेळ हाताशी असू द्यावा.

शेवटी कागदपत्रे. फ्रिज, एसी, टीव्ही यांसाठी पुनर्वापर केंद्राकडून पावती घ्यावी. खासगी गाडीवाल्याकडून वस्तूंची यादी, तारीख आणि गाडीचा क्रमांक असलेली चिठ्ठी घ्यावी. सामान आवाराबाहेर गेल्याचे व्यवस्थापनाला त्याच दिवशी लेखी कळवून अनामत परत मागावी. इमारतीत आणखी दोघातिघांकडे असेच सामान असेल तर हे कळवतानाच सुचवून पाहावे की वर्षातून एक दिवस ठरवून सर्वांसाठी एकच गाडी बोलवावी आणि प्रत्येक मजल्याला लिफ्टचा अर्धा तास वाटून द्यावा. गाडीचे भाडे वाटले जाते आणि पुनर्वापर केंद्रही एकगठ्ठा मालासाठी आपली गाडी पाठवायला जास्त राजी असते.